सुनंदाबाईंचे नऊ किलो

सुनंदाबाई काट्यावर उभ्या होत्या आणि मी आकड्याकडे बघत होते. पंच्याहत्तर पूर्णांक दोन. तीनच आठवड्यांपूर्वी ह्याच काट्यावर ह्याच बाई एक्याऐंशी किलो होत्या. मी त्यांना खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला, परत चढवलं. पंच्याहत्तर पूर्णांक दोन.

"काटा बिघडला का काय मॅडम?"

"काटा ठीक आहे. तुम्ही काय केलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच केलं," त्या म्हणाल्या आणि पदराने कपाळाचा घाम पुसला. फेब्रुवारीचा महिना, वर पंखा सुरू, आणि ह्या घामाघूम. मी ते पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं.

मी डायटीशियन आहे. नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात बावीस वर्षं लोकांना काय खावं ते सांगते आहे. माझा आवाज मोठा आहे आणि पेशंट मला घाबरतात, असं आमच्या नर्स म्हणतात. तर माझ्या चार्टने कुणी तीन आठवड्यांत सहा किलो उतरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी पुढे विचारलं नाही. त्याचं कारण लाजिरवाणं आहे, पण सांगते.

सुनंदाबाई चांदवडच्या. त्यांचे यजमान भाऊसाहेब तिथल्याच एका शाळेत क्लार्क. भाऊसाहेबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ते एसटीने आमच्याकडे डायलिसिसला यायचे. डायलिसिस म्हणजे शरीरातलं रक्त नळीने बाहेर काढून मशीनमधून गाळायचं आणि परत आत सोडायचं. एका वेळेला चार तास. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायचं पाणीही मोजून. दिवसाला जेमतेम पाऊण लिटर. भाऊसाहेबांकडे एक छोटा स्टीलचा पेला होता, तो ते खिशात घेऊन फिरायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मला पैसा नको, अडका नको, एकदा तांब्याभर पाणी घटाघटा पिऊ द्या."

सुनंदाबाई त्यांना आपली किडनी द्यायला तयार होत्या. रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं. अडलं वजनापाशी. उंची पाच फूट, वजन एक्याऐंशी, आणि रक्तातली साखर काठावर. आमचे किडनीचे डॉक्टर देवरे सरांनी स्पष्ट सांगितलं, "बहात्तरच्या खाली आल्याशिवाय मी ह्यांना टेबलवर घेणार नाही. ऑपरेशनपुरतं नाही म्हणत मी. ह्या बाईला पुढचं सगळं आयुष्य एका किडनीवर काढायचंय. उद्या हिला शुगर झाली, बीपी झालं, तर एकाला वाचवताना दुसरा पेशंट आपणच तयार केला असं होईल."

म्हणजे नऊ किलो. नवरा आणि मशीन यांच्यामध्ये उभे राहिलेले नऊ किलो.

मी माझा नेहमीचा छापील चार्ट दिला. सकाळी काय, दुपारी काय, खाली ठळक अक्षरात 'कालावधी : नव्वद दिवस'. आणि तीन आठवड्यांत बाई सहा किलो कमी होऊन आल्या. देवरे सरांनी राउंडला सगळ्यांदेखत म्हटलं, "मॅडम, कमाल केलीत. बाकीच्यांनी शिका यांच्याकडून." बावीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. उरलेले तीन किलो महिन्याभरात जातील, तोवर डोनरच्या तपासण्या सुरू करू, असं ठरलं.

तपासण्यांच्या दिवशी सुनंदाबाई लॅबच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असताना चक्कर येऊन पडल्या. नशीब, मागच्या बाकावर पडल्या, डोकं आपटलं नाही. दुसऱ्या दिवशी देवरे सर रिपोर्ट घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. ते कधी केबिनमध्ये येत नाहीत, बोलावून घेतात.

"हे काय आहे?"

मी रिपोर्ट वाचला. हिमोग्लोबिन खाली घसरलेलं. शरीरात पाणी कमी. लघवीत कीटोन. कीटोन म्हणजे काय, तर शरीराला रोजचं जळण मिळालं नाही की ते स्वतःची चरबी जाळायला घेतं, आणि त्या चुलीचा जो धूर निघतो तो लघवीत सापडतो.

"तुम्ही भाकरी बंद केली होती का हिची?"

"नाही सर. दोन वेळा होती चार्टमध्ये."

"मग कीटोन कुठून आले? अशा अंगावर मी भूल देऊ? सगळं थांबवा," ते म्हणाले. "तिला आधी जेवायला घाला."

सुनंदाबाईंना समोर बसवलं आणि माझा आवाज लावला. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं. त्यांची नणंद अलकाताई, इंदिरानगरला राहते. ती कुठल्यातरी ग्रुपमध्ये आहे, त्यात एक 'कोच' आहे. एकवीस दिवसांचं चॅलेंज. सकाळी दुधी-पालकाचा रस, दुपारी पाण्यात कालवलेली पावडर, संध्याकाळी भाज्यांचं कढण. भाकरी नाही, भात नाही, डाळ नाही.

"तुमच्या कागदानं लय वेळ लागला असता मॅडम," त्या रडत म्हणाल्या. "यांचा जीव सुईवर टांगलाय आन् मी नव्वद दिवस काय बसून राहू? अलकाताई म्हटल्या, एकवीस दिवसांत व्हतं."

पी हळद नि हो गोरी! मी दुसरं काही बोलले नाही, कारण ह्या बाईने हे स्वतःच्या दिसण्यासाठी केलं नव्हतं. आणि तो घाम मी पाहिला होता, हे मला आतून टोचत होतं. पावडर बंद करा, नीट जेवा, माझ्या चार्टवर परत या आणि महिन्याने भेटा, असं सांगून पाठवलं.

महिन्याने त्या आल्या त्या हातात डबा घेऊन. काट्यावर ऐंशी पूर्णांक सहा. मी काटा परत शून्यावर वगैरे आणला नाही, ह्या वेळी मला खात्रीच होती.

"सुनंदाबाई, हे काय?"

"पावडर बंद केली मॅडम. तुम्ही म्हटल्या तशी. पण अशी वाऱ्यावर नाय सोडली. काल उद्यापन केलं." आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "तुमच्यासाठी प्रसाद."

आत दोन पुरणपोळ्या होत्या. तुपात न्हालेल्या.

"कसलं उद्यापन?"

"एकवीस दिवसाचं. मी गुरुवारी धरलं व्हतं ना, देवीला सांगून. पुरं झालं तर उद्यापन नको का करायला? सवाष्णींना आधी सवड नव्हती, म्हणून काल केलं. पाच सवाष्णी जेवू घातल्या. नायतर फळ कसं मिळणार?"

मी डबा हातात घेऊन बसून राहिले. हसू की ओरडू कळेना. बाईंनी डाएट केलंच नव्हतं, व्रत केलं होतं. व्रत म्हटलं की कितीही हाल सोसायचे, एक दिवस चुकवायचा नाही, आणि संपलं की उद्यापन करून मोकळं व्हायचं. नंतर ज्याच्या त्याच्या घरी पहिल्यासारखं. आपल्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. वजनाला मात्र उद्यापनाचं काही वाटत नाही, ते प्रसादासकट परत येतं.

"अहो, हे काय सोळा सोमवार आहेत का?" मी वैतागून म्हटलं. "संपवायचं म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या कागदावर पण लिहिलं व्हतं की," त्या साधेपणानं म्हणाल्या. "खाली. नव्वद दिवस. मी तर म्हटलं, तेचं उद्यापन आपण डोंगरावर देवीपाशी करू."

ती ओळ माझीच होती. बावीस वर्षं माझ्याच चार्टच्या तळाशी छापलेली. अलकाताईचा कोच एकवीस दिवस म्हणत होता, मी नव्वद म्हणत होते, फरक एवढाच. हे असं कुणी तोंडावर सांगितलं की राग येतो, आणि राग गिळावा लागतो.

मी डब्याचं झाकण लावलं आणि सहज विचारलं, "सुनंदाबाई, तुम्ही रोज न चुकता काय काय करता? आजारपण असो, लग्न असो, काही असो."

"काय करते... सडा टाकते. तुळशीला पाणी घालते. दिवा लावते."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. तीस झाली असतील."

"मग त्याचं उद्यापन कधी करणार?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "काय पण मॅडम! तो नेम झाला. नेमाला कुठं उद्यापन असतं?"

"हां," मी म्हटलं. "मग आपण आता व्रत नाही करायचं. नेम धरायचा."

त्या म्हणाल्या, "नेम एकदम मोठा नाय धरता येत मॅडम. झेपेल तेवढाच धरावा लागतो." बावीस वर्षांच्या नोकरीत मी जे शेकडो लोकांना पटवू शकले नव्हते, ते ह्या बाईने स्वतःच मला सांगितलं.

झेपेल तेवढा म्हणजे कोणता, हे शोधायला मी आमची जुनी पद्धत वापरली. तिला आम्ही चोवीस तासांचा रिकॉल म्हणतो. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय जेवलात, ते आठवून सांगायचं. उद्यापनाचा दिवस सोडून परवाचं विचारलं. सुनंदाबाईंनी सांगितलं: सकाळी चहा, दुपारी दीड भाकरी आणि भाजी, रात्री एक भाकरी आणि आमटी. एवढ्यावर ऐंशी किलो वजन टिकत नाही. ह्या वेळी बाई खोटं बोलत नव्हत्या. हिशेब मात्र लागत नव्हता.

मी वरच्या मजल्यावर डायलिसिसच्या खोलीत गेले. भाऊसाहेब मशीनला जोडलेले, पेपर वाचत पडले होते.

"भाऊसाहेब, तुमच्या मंडळी घरी किती जेवतात, खरं सांगा."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "ती जेवतेच कुठं मॅडम? ती आवरते."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचं झालं की पातेल्यात उरलेला भात, तव्यावरची शेवटची भाकरी, नातवानं टाकलेली पोळी, आमटीचा तळ. टाकून द्यायचं नाही म्हणून ओट्यापाशी उभ्याउभ्या खाते. विचारलं तर म्हणते, मी आवरतेय. आणि मी इथं चार तास मशीनला असलो की ती खाली बाकावर बसून चिवडा खाते. टेन्शनमध्ये. पुडा संपतो तेव्हा तिलाच कळत नाही."

सापडलं! मी 'काय जेवलात' विचारत होते आणि त्या खरंखरं जेवलेलं सांगत होत्या. आवरलेलं जेवणात धरतच नव्हत्या. तेव्हापासून मी पेशंटला 'काय जेवलात' असं विचारत नाही. 'तोंडात काय काय गेलं' असं विचारते. लोकांना ते जरा उद्धट वाटतं.

तीन नेम ठरले, आणि ते सुनंदाबाईंनीच ठरवले. पहिला, सगळ्यांबरोबर ताट वाढून खाली बसून जेवायचं, आधी भाजी-उसळ, मग भाकरी. उरलेलं डब्यात नाहीतर गोठ्यातल्या गायीला, स्वतःच्या पोटात नाही. दुसरा, यजमान मशीनवर असताना बाकावर बसायचं नाही, हॉस्पिटलच्या मागच्या कॉलनीतल्या गल्लीत चालायचं. सुरुवातीला वीस मिनिटं. तिसरा, दिवसातल्या सहा चहांमधले दोन ठेवायचे. भाकरी सोडायची नाही, यावर मी अडून बसले. त्यांना ते फार सोपं वाटलं. इतक्या सोप्याने काही होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर देवरे सरांचाही.

पहिल्या महिन्यात एक किलो तीनशे ग्रॅम गेले.

"मॅडम, स्पीड वाढवा," सर म्हणाले. "पेशंट थकत चाललाय. गेल्या सोमवारी मशीनवर त्याचं बीपी किती पडलं होतं पाहिलंत ना?"

"पाहिलं सर. पण स्पीड वाढवला तर तुम्हीच परत तिला टेबलवरून उतरवाल."

"उन्हाळा संपेपर्यंत?"

"नाही होणार. गणपतीपर्यंत द्या."

सर राउंडला निघून गेले. आपण शब्द दिला आणि वरच्या मजल्यावर एक माणूस दर दोन दिवसांनी थोडा थोडा वाळतोय, हे जिना चढताना रोज दिसायचं. मी तेव्हा घरीही चिडचिड करायचे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "किती किलो राहिले?" मला वाटलं मलाच म्हणतोय. बिचारा सुनंदाबाईंचे विचारत होता.

एप्रिल, मे, जून. एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर. वीस मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. गल्लीतले लोक सुनंदाबाईंना ओळखायला लागले. एक आजोबा तर घड्याळ लावायचे म्हणे, "चांदवडच्या बाई आल्या, म्हणजे साडेदहा." मग श्रावण आला आणि वजन अडलं. साडेचौऱ्याहत्तर. उपवास, साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. मी भगर एक वाटी चालेल म्हटलं, खिचडी नको म्हटलं, तरी पाच आठवडे काटा हलला नाही. असं होतं. शरीर मध्येच थांबून दम खातं. हे मला माहीत असूनही मला झोप लागत नव्हती, मग सुनंदाबाईंचं काय झालं असेल!

त्यात अलकाताई स्वतः मला भेटायला आल्या. बाई वाईट नव्हत्या, भावासाठीच जीव तुटत होता त्यांचा. "मॅडम, अडीच किलो तर राहिलेत. एकवीस दिवस नाही, नुसते दहा दिवस करू द्या तिला. माझं स्वतःचं आठ किलो गेलं होतं."

"आता किती आहे?"

त्या पिशवीचा बंद सारखा करत म्हणाल्या, "मी आता तिसऱ्यांदा करतेय."

बाजूला बसलेल्या सुनंदाबाईच हळूच म्हणाल्या, "ताई, आवा चालली पंढरपुरा, वेशीपासून आली घरा, तसं होतं बघा ह्यात." आम्ही तिघीही हसलो. पण जाताना अलकाताईंनी वहिनीच्या पिशवीत काहीतरी सारलं, ते मी पाहिलं. पावडरचा डबाच होता तो.

गणपती झाले. ठरलेल्या दिवशी सुनंदाबाई आल्या, चपला काढल्या, काट्यावर चढल्या.

एकाहत्तर पूर्णांक आठ.

तीन आठवड्यांत पावणेतीन किलो. नर्सने टाळ्या वाजवल्या. मला मात्र फेब्रुवारीतला तो घाम आठवला. मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. कोरडं होतं. तरी मी म्हटलं, "सुनंदाबाई, देवीची शपथ घालते. पावडर घेतली?"

"नाय मॅडम."

"डबा दिला होता ना ताईंनी?"

"दिला व्हता. कपाटात हाय, तसाच, सील सुद्धा फोडलं नाय. तेवढ्यानं त्यांचं मन राहिलं."

"मग इतकं कसं उतरलं?"

"श्रावण संपला. खिचडी संपली. आन् मी घरीसुद्धा चालायला लागले, ज्या दिवशी इकडं यायचं नसतं त्या दिवशी. देवीच्या पायऱ्या चढून येते सकाळी."

ऐकायला पटत होतं. फेब्रुवारीतही सगळं पटलंच होतं. मी म्हटलं, "लघवी तपासायची. आत्ता." सरांना फोन केला नाही, कुणाला आकडा सांगितला नाही. लॅबच्या खिडकीपाशी स्वतः जाऊन उभी राहिले. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट ऑनलाइन येईल की." मी म्हटलं, "मला इथंच थांबायचंय." तो वीस मिनिटांचा वेळ मला भाऊसाहेबांच्या चार तासांएवढा वाटला.

कीटोन नाही. पाणी व्यवस्थित. दुपारी रक्ताचाही रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन बारा, साखर काठावरून मागे सरकलेली. मी तिथल्याच बाकावर बसले आणि मला रडू आलं. बावीस वर्षांत मी पेशंटना रडवलंय, स्वतः लॅबपुढे बसून रडले ती पहिल्यांदा. सुनंदाबाई घाबरल्या. "काय झालं मॅडम? परत नाय म्हणतात का?"

"हो म्हणतात," मी म्हटलं. "हो म्हणतात, बाई!"

दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. दोघंही सुखरूप. नवी किडनी टेबलवरच चालू झाली आणि भाऊसाहेबांची युरिन बॅग भरायला लागली. वॉर्डात बॅग भरण्याचा एवढा आनंद फक्त आमच्या विभागातच होतो. देवरे सर मला जिन्यात भेटले, म्हणाले, "बरं झालं, स्पीड वाढवला नाहीत." ह्या वेळी मी हरभऱ्याच्या झाडावर चढले नाही. म्हणजे, एकच फांदी चढले.

भाऊसाहेबांना आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं आहे. पहिला तांब्या त्यांनी घटाघटा प्यायला, डोळे मिटून. आठव्या दिवशी माझ्याकडे तक्रार केली, "मॅडम, किती पाणी पाजता हो? माणूस आहे का म्हैस?"

सहा महिन्यांनी दोघं तपासणीला आले. सुनंदाबाई सत्तर पूर्णांक नऊ. परत डबा आणला होता, परत पुरणपोळ्या.

"हे कसलं उद्यापन?"

"घाबरू नका मॅडम. यांच्यासाठी देवीला बोलले व्हते, ते फेडलं. पंगतीत बसून एक पोळी खाल्ली. उरलेल्या वाटून टाकल्या." मग मान वाकडी करून म्हणाल्या, "आवरलं नाय."

मी दोनातली एक पोळी खाल्ली. दुसरी नर्सला दिली.

त्याच आठवड्यात माझे चार्ट संपले, म्हणून नवे छापायला टाकले. जुना कागद घेतला, काही दुरुस्त्या केल्या, खालची ओळ काढून टाकली आणि प्रेसवाल्याला पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, कालावधीची ओळ सुटलीय बरं का."

"सुटली नाही," मी म्हटलं. "सोडली."